दहा खाचा

मी एक जुनी तिकोनी कानस आहे. आयुष्यभर पितळ आणि लोखंड खाल्लं, मित्रांनो, त्यामुळे बोलणं जरा खरखरीत आहे. तेवढं सांभाळून घ्या. वीतभर अंग, लाकडी मूठ, मुठीला तडा गेला म्हणून दोऱ्याचे वेढे. माझ्या हातून दहा चुका झाल्या आणि अकरावी केसभरानं हुकली. ती कशी, तेवढं सांगते आणि गप्प बसते.

माझा जन्म भट्टीतला. पोलादाची पट्टी लाल करून ठोकून तिकोनी केली. मग एका कारागिरानं छिन्नी धरून माझ्या अंगावर एकेक दाता उठवला. शेवटी पुन्हा तापवून पाण्यात बुडवली, तेव्हा जे चर्रर्र झालं तीच माझी पहिली ओरड. तिथून मी एका कुलूप-किल्लीवाल्याच्या हातात आले आणि आजतागायत त्याच हातात आहे.

मालकांचं दुकान म्हणजे शिंपी आणि चष्मेवाला यांच्या मधल्या फटीत बसवलेली एक फळी, वर पत्रा, आणि खिळ्यांना लटकलेल्या कोऱ्या किल्ल्या. हात सोन्यासारखा, पण माणूस एक नंबरचा संशयी. आणि का नसावा? ज्यानं चाळीस वर्षं लोकांची भलीभक्कम कुलपं वाकड्या तारेनं उघडली, त्याला झोप कशी लागते हेच नवल. घराच्या दाराला त्यांनी तीन कुलपं लावली होती, आणि बाहेर पडल्यावर दहा पावलांवरून परत येऊन तिन्ही ओढून बघायचे.

दुकानात दुरुस्तीला कुलूप आलं की पहिलं काम माझं. माझ्या टोकानं कुलपाच्या पोटाखाली एक बारीक खाच मारायची. कारण गिऱ्हाईक नंतर म्हणतं, हे माझं कुलूपच नव्हे, तुम्ही बदललंत! मग मालक शांतपणे खाच दाखवायचे. तीही साधीसुधी खाच नाही बरं. एकदा मालकीणबाईंनी रंगाच्या डब्याचं झाकण उचकटायला मला घेतलं आणि माझ्या एका धारेचा टवका उडाला. तेव्हापासून माझ्या खाचेचा तळ टोकदार होत नाही, थोडा सपाट राहतो. मालक चार दिवस घरात बोलले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की अशी खाच जगात दुसऱ्या कुठल्या कानशीला जमायची नाही. मग बोलायला लागले.

माझे चांगले दिवस म्हणजे तेच. एका दवाखान्याच्या औषधांच्या कपाटाची किल्ली हरवली, तेव्हा मालकांनी नुसत्या नजरेनं पाव तासात नवी घडवली, आणि तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काय हात आहे हो तुमचा!" मालकांनी घरी येऊन मला तेल पुसलं. हात त्यांचा असला तरी दात माझे होते ना.

मग चष्मेवाल्याच्या पलीकडे किल्ली कापायचं मशीन आलं. घर्र घर्र, की किल्ली तयार. मालकांचे गुडघेही गेले. फळी उतरवली आणि आम्ही घरी बसलो. मी कोपऱ्यातल्या बाकावर, अंगावर गंज धरत. मालक घरभर, मालकीणबाईंच्या मागंमागं.

"अहो, डब्यांची झाकणं मोजत काय फिरता?" त्या वैतागायच्या. "मी काय साखर चोरून विकते?"

"मी कुठं काय म्हटलं?"

"तोंडानं नाही म्हटलंत. डोळ्यांनी म्हटलंत."

आता जरा मागचं सांगते, कारण खरी गोष्ट तिथं आहे. मालकांचे वडील बोटीवर इंजिनाला वंगण घालायला जायचे. निदान ते तसं सांगायचे. वर्षातून एकदा घरी यायचे, आठ दिवस राहायचे, मुलाच्या हातावर एक परकं नाणं ठेवायचे आणि परत जायचे. असे अकरा वेळा आले, बाराव्या वेळी आलेच नाहीत. गल्लीतले लोक म्हणायचे, कसली बोट नि कसलं काय! शेजारच्या गावात दुसरा संसार थाटलाय त्यानं. नाणी काय, बाजारात पैशाला पासरी मिळतात. हे मालकांनी बारा-तेरा वर्षांचे असताना ऐकलं आणि ते त्यांच्या कानातून कधी निघालंच नाही. मला वाटतं, तीन कुलपं तिथूनच आली.

ती अकरा नाणी मालक एका पत्र्याच्या डबीत ठेवायचे. वरची अक्षरं कुठल्या देशाची, कुणाला ठाऊक. अकरावं तर नाण्यासारखं दिसतही नव्हतं. जाड पितळ, एका बाजूला आकडा, कडेला वंगणाचा काळा थर. ते वडिलांच्या खिशात कायम असायचं आणि शेवटच्या खेपेला त्यांनी तेच दिलं होतं.

एके दिवशी मालकीणबाई वाचनालयातून एक छापील कागद घेऊन आल्या. नाणी जमवणाऱ्यांचं मंडळ. दर रविवारी सकाळी बैठक, पहिली भेट मोफत, पुढं वर्षाची वर्गणी. मालकांनी कागद उजेडात धरून उलटा-सुलटा बघितला.

"पहिली भेट मोफत? म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ. आणि वर्गणी बघितलीस? साठ किल्ल्यांची मजुरी! नाणी माझी, बघणार ते, आणि पैसे मीच द्यायचे?"

"तुम्हाला कळेल तरी ती कुठली आहेत ते. जन्मभर डबी वाजवत बसलात."

"आणि हातोहात बदलली तर? चांगलं ठेवून घेतील, भंगार परत देतील."

मालकीणबाईंनी हात जोडले आणि आत गेल्या. मालक मात्र बाकाशी आले, माझ्यावरचा गंज पुसला आणि मला उचललं. मित्रांनो, किती दिवसांनी त्या हाताची ऊब लागली! मला वाटलं, आपले दिवस परत आले. त्यांनी एकेक नाणं कातड्यात गुंडाळून पकडीत धरलं आणि माझ्या टोकानं प्रत्येकाच्या कडेला एक बारीक खाच मारली. दहा नाणी, दहा खाचा. आता बदलून दाखवा म्हणावं! अकरावं मात्र घरीच ठेवलं. सगळंच्या सगळं दाखवणाऱ्यातले मालक नव्हेत.

रविवारी मी त्यांच्या वरच्या खिशात होते. मंडळाची खोली म्हणजे वाचनालयाच्या मागचा एक हॉल, लांब टेबल, वर हिरवी मखमल, एक दिवा आणि कोपऱ्यात कपाट. मालकांनी आधी कपाटाचं कुलूप बघितलं. "हे मी शिंक येईपर्यंत उघडीन," असं पुटपुटले. चहा पुढं आला तेव्हा हात लावला नाही. टेबलाशी बसलेल्या बाईंनी पांढरे हातमोजे चढवले, तेव्हा तर त्यांची खात्रीच पटली. हातमोजे कोण घालतं, हे कुलूपवाल्याला वेगळं सांगायला नको.

बाई पूर्वी पोस्टात होत्या. पार्सलांवरची लाख तपासण्यात जन्म गेलेला, त्यामुळे नजर मालकांपेक्षा काही कमी संशयी नव्हती. त्यांनी पहिलं नाणं भिंगाखाली धरलं, कड फिरवली आणि थांबल्या. दुसरं घेतलं. तिसरं. दहाही झाली तेव्हा त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"ही कुठून आणलीत?"

"वडिलांची आहेत. का?"

"कडेला कानस लागलीय. साच्यात ओतलेल्या नाण्याला कडेनं शिवण राहते. ती घालवायला नकली नाणी करणारे कानस मारतात. दहाच्या दहा नाण्यांना कानस लागलेली मी आजवर बघितली नाही."

"म्हणजे नकली?"

"मी नकली म्हणाले नाही. पण या टेबलावर आलेलं असं नाणं आम्ही खरं धरत नाही."

खिशातून मला सगळं ऐकू येत होतं. लक्षात घ्या, नाणी खोटी म्हणजे बाप खोटा. गल्लीतले लोक खरे. साठ वर्षं ज्याची धास्ती होती ते त्या हिरव्या मखमलीवर पडलं होतं, आणि ते तिथं ठेवलं होतं मी. मला माझ्या दातांची लाज वाटली.

मालक उठले. मला वाटलं, आता भांडतात. पण त्यांनी खिशात हात घालून मला बाहेर काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"बाई, ही बघा कानस. खाचा हिच्या आहेत. मीच मारल्या, गेल्या बुधवारी."

"कशाला?"

मालकांची मान खाली गेली. "तुम्ही नाणी बदलाल म्हणून."

टेबलाभोवती कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. मालकांनी दुसऱ्या खिशातून एक कोरी किल्ली काढली, अंगठ्याखाली दाबली आणि सगळ्यांसमोर माझ्या टोकानं तिला एक खाच मारली. बाईंनी किल्ली आणि नाणं शेजारी शेजारी धरून बराच वेळ बघितलं.

"तळ सपाट आहे. दोन्हीचा."

"टवका उडालाय तिचा. रंगाच्या डब्याच्या पायी."

मग बाईंनी पुन्हा एकेक नाणं घेतलं. वजन केलं, कडेची शिवण शोधली, ती कुठंच नव्हती. "खरी आहेत," त्या म्हणाल्या. "सगळी बंदरांच्या देशांतली. पण खाचा पडल्या, आता संग्रहाच्या दृष्टीनं यांची किंमत गेली. हे चांदीचं तर फार क्वचित मिळतं. आधी येऊन नुसतं विचारलं असतंत, तर खूण न करता काय करायचं ते सांगितलं असतं. आम्ही आलेल्या प्रत्येक नाण्याचा फोटो काढतो, वजन लिहितो आणि तुमची सही घेतो."

"म्हणजे वडील बोटीवर होते?"

"ते नाणी सांगत नाहीत. नाणी खरी आहेत, एवढंच मला कळतं. अजून काही आहे का घरी?"

"नाही," मालक म्हणाले.

तीन दिवस मालक धड जेवले नाहीत. वर्गणीचा कागद समोर, डबी बाजूला. वर्गणी भरणाऱ्याचीच वस्तू मंडळ आठवडाभर ठेवून घेऊन नीट तपासून देतं, असं त्यावर लिहिलं होतं. आठवडाभर! परक्यांच्या कपाटात!

"साठ किल्ल्या," ते पुन्हा म्हणाले.

"आणि मागच्या बुधवारी बसून दहा नाणी घालवलीत, ती अगदी फुकटात," मालकीणबाई म्हणाल्या. "एक पैसा वर्गणी नाही लागली."

चौथ्या दिवशी मालकांनी अकरावं काढलं, कातड्यात गुंडाळलं, पकडीत धरलं. मला उचललं. माझं टोक त्या काळ्या कडेला टेकलं. फक्त एक घास, मित्रांनो. मी कानस आहे, हात जिकडे दाबेल तिकडे मी खाणार. मला थांबता येत नाही. थांबावं लागतं ते हातानं. आणि तो हात थांबला. किती वेळ ते माहीत नाही. मग पकड सैल झाली. रविवारी निघताना त्यांनी ते पितळ वरच्या खिशात टाकलं, मी आधीच तिथं होते. त्यांनी आम्हाला एकत्र खुळखुळताना ऐकलं, मला बाहेर काढलं आणि या खणात ठेवलं. इतक्या वर्षांत मालक माझ्याशिवाय पहिल्यांदाच बाहेर पडले.

परत आले ते रिकाम्या खिशानं.

"ठेवून आलात?" मालकीणबाई उडाल्याच. "खूण केली होती?"

"नाही."

"मग दुसरंच परत दिलं तर?"

"त्या बाईंचं तोंड लक्षात आहे माझ्या. त्यांनाच विचारीन." मग जरा थांबून म्हणाले, "कपाटाला मात्र माझं कुलूप लावून आलो. दोन किल्ल्यांचं."

"एक तुमच्याकडे असणारच."

"नाही. दोन्ही त्यांच्याकडे."

मालकीणबाई खुर्चीवर बसल्या. लग्नाला किती वर्षं झाली, हे त्या बोटांवर मोजत असाव्यात.

एवढं करून माणूस काही बदलला नव्हता हां. बुधवारी 'सहज पाय मोकळे करतो' म्हणून निघाले आणि वाचनालयाच्या मागच्या खिडकीतून कपाट जागेवर आहे का ते बघून आले. शुक्रवारीही आले. मीसुद्धा खणात पडल्या पडल्या म्हणत होते, गेलं ते. आता कसलं येतंय.

रविवारी मालक आले आणि बूट न काढताच खुर्चीवर बसले. त्यांनी तळहात उघडला. तेच होतं. तेच जाड पितळ, कडेला तोच काळा थर.

"हे नाणं नव्हेच," ते म्हणाले. "बंदरावरचा बिल्ला आहे. बोटीवरून उतरणाऱ्या कामगाराला आत-बाहेर करायला देतात. बाईंनी आडव्या उजेडात धरला, तेव्हा थराखालची अक्षरं दिसली. बोटीचं नाव आहे. आणि पुढं 'इंजिन'."

"कुठं आहेत अक्षरं?"

मालकांनी बोट लावलं. मित्रांनो, अक्षरं कडेवर होती. बरोबर तिथंच, जिथं माझं टोक टेकलं होतं.

मालकीणबाईंनी पाणी आणून दिलं. मालक प्यायले नाहीत. "होता," एवढंच म्हणाले. "होता गं तो बोटीवर."

तेव्हापासून मालक दर रविवारी जातात. वर्गणी जास्त आहे असं अजूनही म्हणतात, आणि आता चहा पितात. मी खणात असते. तर माझं एवढंच मागणं आहे. घरातल्या जुन्या हत्यारांना टाकू नका. महिन्यातून एकदा तेलाचा बोळा फिरवा, कोरड्या जागी ठेवा, हातात काम द्या. पण ज्याचं तुम्हाला काही कळत नाही, अशी जुनी वस्तू समोर आली, तर मला लगेच उचलू नका. आधी कुणाला तरी विचारा. मी जे खाते ते परत देता येत नाही.

ती दहा नाणीही नंतर मंडळात नीट तपासून झाली, आणि आता आमच्याच घरी आहेत, दहा पांढऱ्या पाकिटांत. प्रत्येकावर पोस्टातल्या बाईंनी स्वच्छ अक्षरात देश लिहिलाय, साल लिहिलंय, आणि खाली एक ओळ. मालकांनी ती मालकीणबाईंना वाचून दाखवली तेव्हा मीही ऐकली: "नाणे खरे. कडेला खाच आहे. ती मुलाने केली."