नापसंत माल

"थर्माकोल? आन् भाडं टनावर? आवो, अक्कल काय डिझेलच्या टाकीत पडली व्हय तुमची?" कमरुन्निसानं करमाडच्या वजनकाट्यावरच नवऱ्याला धुतलं.

दाऊद तरी काय करणार! आठ दिवस गाडी दारात उभी. ट्रान्सपोर्टवाल्या अप्पारावनं पैठणचं भाडं दिलं, यानं टनाचा दर ऐकला आन् मान डोलावली. माल कोणता, ते शेंद्र्याला गाडी भरताना कळलं. शिगोशीग भरूनबी तीनशे किलोच्या वर जाईना. डिझेलसुदिक सुटत नव्हतं, आन् या महिन्याचा हप्ता चुकला तर बँकवाले गाडीच ओढून नेणार होते.

"शेठ, गाडीमागं भाडं द्या की," दाऊद काकुळतीला आला.

"या काट्यावर जे भरंल त्याचं भाडं. बोललो ते बोललो," काट्यावरच उभ्या अप्पारावनं चारचौघांत सांगितलं.

"असं व्हय?" म्हणून कमरुन्निसानं गल्लीत फोन लावला. अर्ध्या तासात अठरा माणसं आली आन् थर्माकोलवर चढून बसली. रत्नमालाकाकूंना तर दोघांनी खालून रेटावं लागलं. काटा दीड टनावर गेला.

अप्पाराव बी लई नमुना. त्यानं पावतीवर दीड टन थर्माकोल लिहिला, सही ठोकली. "आता येवढाच माल पैठणला पोचला पायजे. किलोभर घटला तर तुझ्या भाड्यातून कापीन."

झालं! माणसांना उतरायची सोयच राहिली नाय. भर उन्हात अठरा जीव पैठणला निघाले. वाटंत कुनी खाली उतरायचं नाय, असा दम कमरुन्निसानं भरला आन् घामानं वजन घटू नये म्हणून सगळ्यांना बसल्या जागी दोन-दोन कप चहा पाजला.

पैठणच्या गोदामात प्रणय नावाचा कारकून होता. त्यानं गाडीत बघितलंच नाय, नुसता काट्याचा आकडा बघितला. दीड टन. ठप्पा मारला. दाऊदच्या जिवात जीव आला. माणसं उतरली, थर्माकोल उतरला, आन् माणसं घरी निघाली तर फाटकावर वॉचमन आडवा.

"पावतीशिवाय माल बाहेर जात नाही," प्रणय म्हणाला.

"आरं मेल्या, मी काय माल हाय का?" रत्नमालाकाकू कडाडल्या.

"काकू, कागदावर आहात."

दाऊदनं डोस्कं खाजवलं. इतकी वर्षं तो पैठणवरून रिकामाच परतत आला होता, परतीचं भाडं कधी गावलंच नव्हतं. "साहेब, माल नापसंत झाला तर?"

"तर परत पाठवायचा. भाडं पाठवणाऱ्याकडून."

"मंग लिव्हा की!"

प्रणयनं लिहिलं. अप्पारावला फोन गेला, तो असा बोंबलला की फाटकापर्यंत ऐकू आलं. पण कागदावर सही त्याचीच, करतो काय?

दाऊदला नाचावंसं वाटलं. सगळे गाडीत चढले. काकू मात्र ढिम्म.

"नापसंत? चाळीस वर्षं संसार केला, नवरा असं कधी बोलला नाय. खोड ते!"

"काकू, त्याच शब्दावर माझा हप्ता हाय वो," दाऊदनं हात जोडले.

काकूंनी जरा इचार केला आन् प्रणयकडं वळल्या. "बरं, ऱ्हाऊ दे. पन खाली लिव्ह, नाजूक माल, सांभाळून न्यावा."

प्रणयनं ते बी लिहिलं. नाजूक मालाचा दर दीडपट निघाला.