टाच

"काकू, कंबर नाही, मांड्या. मांड्यांनी उचला. कमरेनं उचललंत तर उद्या चप्पल घालायलाही माणूस लागेल तुम्हाला."

ट्रेनर बाजूला उभी राहून सांगत होती आणि काकू दोन्ही मुठींत लोखंडी दांडा धरून ओणव्या उभ्या होत्या. दांड्याच्या दोन्ही टोकांना ताटाएवढ्या चकत्या होत्या. काकूंनी पोट आवळलं, श्वास कोंडला. दांडा नडग्यांना घासत, गुडघ्यांवरून मांड्यांपर्यंत आला आणि तिथेच थरथरत राहिला.

"छान. आता टाकू नका, ठेवा. ठेवणं हाही व्यायामच आहे."

त्यांनी ठेवला आणि भिंतीला टेकून धापा टाकत राहिल्या.

जिम टायरच्या दुकानाच्या माडीवर होतं. खालून रबराचा वास यायचा आणि वर घामाचा. सकाळच्या बॅचला सगळ्या कोवळ्या मुली असायच्या. एक हात वर केला की त्या आधी आरशात बघत. काकूंचं आरशाशी काही देणंघेणं नव्हतं. टपाल कचेरीच्या पार्सल खिडकीवर नोकरी, वय पन्नाशीच्या पुढे, अंगात नवऱ्याचा जुना शर्ट. इथे त्या एकाच कामासाठी येत होत्या. त्यांना नवरा उचलायचा होता.

नवरा बस चालवायचा. दांडगा गडी. एका सकाळी शर्टाचं बटण लावता लावता त्याचा उजवा हात खाली पडला, मागोमाग पायही गेला. इस्पितळातून घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात काकूंनी त्याला पलंगावरून खुर्चीत घ्यायचं म्हणून काखेत हात घातला आणि दोघंही कोसळली. त्या खाली, तो वर. पलंग आणि खुर्चीच्या मधल्या बोळात अशी अडकली, की हलता येईना. शेजारीण सहज डोकावली म्हणून बरं. तिनं रस्त्यावरून दोन माणसं बोलावली. त्यांनी नवऱ्याला बखोट धरून पोत्यासारखं वर घेतलं. त्याचा लेंगा घसरला, तो कुणीच सावरला नाही.

तो मात्र जड जिभेनं म्हणाला, "बस... पंक्चर."

माणसं हसली. काकूही हसल्या. आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडल्या. परक्यांनी त्याला पुन्हा असं उचलायचं नाही, हे त्यांनी तिथेच ठरवलं.

त्याला काय हवं होतं, ते तो अगदी सुरुवातीला बोलला होता. व्यायामाचे डॉक्टर पहिल्यांदा घरी आले तेव्हा त्यांनी विचारलं, काका, काय करावंसं वाटतं? त्यानं बेसिनकडे मान वळवली. "उभं राहून... दाढी." पलंगात गळ्याशी टॉवेल बांधून बायकोच्या हातून दाढी करून घेणं त्याच्या जिवावर यायचं.

"होईल की," डॉक्टर म्हणाले. तरुण होते, पण बोलणं धीराचं. त्यांनी नवऱ्याच्या कमरेला एक रुंद पट्टा बांधला आणि काकूंना मागून धरायला लावला. "तुम्ही उचलायचं नाही हं. ते पडणार नाहीत एवढंच बघायचं. उठायचं त्यांनी. वेळ लागेल, लागू द्या. आणि उजवा पाय टेकला पाहिजे. ओढ बसेल, दुखेल, तरी टाच टेकली पाहिजे. सकाळ-संध्याकाळ तळव्याला टॉवेल लावून पाऊल असं वर ओढायचं. हे चुकवू नका."

काकूंनी मान डोलावली. आणि दुसऱ्या दिवसापासून, पुन्हा पडायला नको म्हणून, जिम लावलं.

सुरुवातीला अंगाचं जे काही झालं ते विचारायची सोय नव्हती. पहिल्या दिवशी काही वाटलं नाही, म्हणून त्या खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी केसांत कंगवा घालायला हात वर जाईना. संडासात बसलं की उठताना नळाला धरावं लागे. कचेरीत स्टुलावरून उठताना तोंडातून जो आवाज निघाला तो ऐकून वजनकाट्यावरचा गडी म्हणाला, "बाई, आज स्वतःलाच पार्सल करून घरी पाठवायचं का? नाजूक माल म्हणून शिक्का मारतो."

"मार. पण उलटं ठेवू नकोस," काकू म्हणाल्या.

आता जमायचं नाही, असं सांगायला त्या जिमला गेल्या. ट्रेनरनं सगळं ऐकून घेतलं. तिची मुलगी जेमतेम दहा-अकरा महिन्यांची. तिला ठेवायला कुणी नाही म्हणून कोपऱ्यात चटईवर असायची. तिच्या तोंडातलं खेळणं पुसत ट्रेनर म्हणाली, "दुखणार. दुसऱ्या दिवशी जास्तच दुखतं. पण एका ठिकाणी सुई टोचल्यासारखं दुखतंय का?"

"छे, सगळीकडे. अंग कुटून काढल्यासारखं."

"मग घाबरायचं नाही. पडून राहिलात तर आणखी आखडाल. चाला, कोमट पाण्यानं शेका, आणि ताणायचे व्यायाम रोज. उचलायला एक दिवस सुट्टी चालेल, ताणायला नाही. जो स्नायू ताणत नाही तो आखडतो, काकू. मग तो आपलं ऐकत नाही."

काकूंनी हे मनावर घेतलं. रोज सकाळी नवऱ्याच्या पलंगाशेजारी चटई पडू लागली. भिंतीला हात टेकून एक पाय मागे न्यायचा, पोटरीला ओढ बसेपर्यंत टाच जमिनीवर दाबायची. मग मांड्या, पाठ, खांदे. तो उशीवर मान कलती करून बघत राहायचा.

"पैलवान," तो म्हणायचा, "आज... काय मोडलं?"

"आज मांड्या. काल त्या पोरीनं बसवून-उठवून जीव घेतला माझा."

"सोडून... दे."

"वा. सोडते. आणि तुम्हाला कोण उचलणार, तुमचा डेपो मॅनेजर?"

तो हसायचा. हसताना ओठाची एकच बाजू वर जायची. आजारपण आल्यापासून घरात हसू ऐकू यायचं ते याच वेळी. काकूंना ती वेळ आवडू लागली. अंग ठणकत असलं की कसं, आपण काहीतरी करतोय असं वाटायचं.

आणि खरंच एक दिवस ते जमलं. त्यांनी त्याच्या गुडघ्यांना गुडघे लावले, पाठ ताठ ठेवली, काखेखालून हात घालून मागे मुठी गुंफल्या आणि मांड्यांच्या जोरावर वर आल्या. तोही वर आला. अख्खा. क्षणभर तो त्यांच्या अंगावर उभा होता, डावा हात त्यांच्या मानेभोवती, गाल त्यांच्या गळ्याशी. मग पाव गिरकी, आणि खुर्ची. काकूंना स्वतःचंच खरं वाटेना. हा माणूस लग्नात त्यांना एका हातानं टेम्पोत चढवणारा. आणि आज त्यांनी त्याला असं अलगद फिरवून बसवलं, जसं काही जेवणाचं ताट इकडचं तिकडे ठेवलं.

"थांब..." तो म्हणाला होता, वर येता येता.

"अहो, मी आहे ना," त्या म्हणाल्या.

पट्टा बांधून त्याला त्याचं त्याचं उठू द्यायचं म्हणजे फार वेळ जायचा. तो पुढे झुकायचा, मागे पडायचा, पुन्हा झुकायचा, घामाघूम व्हायचा. तोवर कचेरीची बस कोपऱ्यावरून निघून जायची. काकूंच्या पद्धतीनं काम चुटकीसरशी व्हायचं. हळूहळू पट्टा दाराआडच्या खिळ्यावर गेला, त्यावर छत्री आली, छत्रीवर पिशवी. टॉवेलनं पाऊल ओढायचं राहिलं नव्हतं तसं. सकाळी स्वतःचं ताणून होईपर्यंत घड्याळ पुढे गेलेलं असे, म्हणून ते संध्याकाळवर जायचं. संध्याकाळी अंग इतकं मोडून यायचं, की उद्या दोनदा करू म्हणून त्या दिवा मालवायच्या. डॉक्टरांचा फोन आला तेव्हा त्यांनी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "आमचं छान चाललंय, तुम्ही कशाला उन्हातान्हाचे येता? गरज पडली तर कळवीन."

एकदा जिममध्ये ट्रेनरची मुलगी बाकाला धरून उभी राहायला बघत होती. दोनदा बुडावर आपटली. तिसऱ्यांदा तोंड वाकडं केलं मात्र, काकूंनी झपकन पुढे होऊन तिला उचलून कडेवर घेतली.

"तुम्ही फार लवकर उचलता बुवा, काकू," ट्रेनर हसत म्हणाली. "आता रडणं यायच्या आत ती उभी राहिली असती."

"उगाच पोरीला आपटत ठेवतेस," काकू म्हणाल्या आणि तिचा पापा घेतला.

डॉक्टर आले ते न बोलावता. गल्लीत दुसरा पेशंट होता, म्हणून डोकावले. काकूंना आनंद झाला. चहा गॅसवर चढवला आणि तो उकळायच्या आत त्यांनी पदार्थाची चव दाखवावी तसं दाखवूनच टाकलं. गुडघ्याला गुडघे, मुठी गुंफलेल्या, वर, गिरकी, खुर्ची. धापसुद्धा लागली नाही.

"एकटीनं," त्या म्हणाल्या. "कुणाची मदत नाही."

डॉक्टरांनी पिशवी बाजूला ठेवली. ते खाली बसले, नवऱ्याचं उजवं पाऊल हातात घेतलं आणि तळव्याला तळहात लावून वर दाबलं. पाऊल हललं नाही. पुन्हा दाबलं. नवऱ्यानं डोळे मिटून घेतले. पावलाची बोटं जमिनीकडे वळलेली होती आणि टाच वर, मधे पेन्सिल सहज जाईल एवढी.

"टॉवेलनं ओढता ना?"

"ओढते की. म्हणजे... जमेल तसं."

"आणि उभे कधी राहिले होते?"

"रोज राहतात. आत्ता बघितलंत ना तुम्ही."

डॉक्टरांनी पाऊल हळूच खाली ठेवलं. "आत्ता तुम्ही उभ्या राहिलात," ते म्हणाले. "ते तुमच्या अंगावर होते. त्यांचा पाय जमिनीला लागलाच नाही."

चहा उतू जाऊन गॅस विझला. कुणी उठलं नाही.

"सुरुवातीचे महिने महत्त्वाचे असतात," डॉक्टर म्हणाले. "पोटरी आखडलीय. आता जेवढी सुटेल तेवढी सोडवू. थोडं उठता येईल कदाचित. पण बेसिनपाशी उभं राहणं... खोटं सांगणार नाही मी." जाताना त्यांना काय वाटलं कोण जाणे, दारातून वळून म्हणाले, "तुमच्याइतकं कष्टानं कुणी करत नाही, काकू. मी रोज बघतो घरं."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

काकू पलंगाच्या कडेला बसल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोललो. थांब... म्हणालो."

"एकदा म्हणाला होतात."

"खूपदा."

त्यांना एकेक आठवायला लागलं. ते सगळे 'थांब', गडबडीत पदराआड टाकावेत तसे मागे टाकलेले.

"मग ओरडायचं होतंत माझ्यावर. बसमधल्या माणसांवर ओरडत होतात तसं."

त्यानं डाव्या हातानं लेंग्याची शिवण चाचपली. बोलायला त्याला वेळ लागायचा, आणि आज काकूंनी पहिल्यांदाच मधे वाक्य पुरं केलं नाही.

"तू... दुखत दुखत यायचीस. तरी... खूश. काय सांगू?" मग थांबून म्हणाला, "आणि मला पण..."

"तुम्हाला पण काय?"

"बरं वाटायचं. तू... धरायचीस ते."

काकूंना हुंदका आला नाही. त्यांना एवढंच कळलं, की त्यांनाही बरं वाटायचं. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसानं त्यांच्या गळ्यात हात टाकला तो असा, रोज सकाळी, बसच्या घाईत. तो स्वतःच्या पायांवर उभा राहिला असता तर ते थांबलं असतं. हे त्यांनी कधी मनात आणलं नव्हतं. पण मनात न आणताही माणूस काय काय करून बसतो.

दुसऱ्या दिवशी त्या जिमला गेल्या. घरी बसून करणार काय? ट्रेनरनं दोन चकत्या वाढवल्या आणि दांडा सरळ वर आला. मुलींनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी तो हळूच खाली ठेवला आणि आज एवढंच म्हणून निघाल्या. इतकं सहज उचललं गेलं, त्याचंच वाईट वाटलं.

घरी आल्यावर त्यांनी चटई अंथरली नाही. त्याच्या पायाशी जमिनीवर बसल्या, टॉवेल तळव्याला लावला आणि ओढ धरली. त्याचा चेहरा आकसला. त्या थांबल्या, पण सोडलं नाही. मग त्याला पलंगाच्या कडेला बसवलं, त्याच्या कमरेला पट्टा बांधला आणि बाजूला उभ्या राहून तो मागून धरला.

"उठा," त्या म्हणाल्या.

तो पुढे झुकला. डाव्या पायावर जोर देताना मानेच्या शिरा फुगल्या. मागे पडला. कोपऱ्यावर बसचा हॉर्न वाजला. दोघांनीही ऐकला.

"जा... तू," तो म्हणाला.

"जाऊ दे ती. उठा तुम्ही."

तो पुन्हा झुकला. काकूंच्या दंडांत, मांड्यांत सगळं जागं झालं. कुठे हात घालायचा, कधी श्वास कोंडायचा, सगळं ठाऊक होतं. एका झटक्याचं काम. तो थरथरत होता, गादी सोडत नव्हता, आणि मग क्षणभर, खरोखरच क्षणभर, त्याच्या आणि गादीच्या मधून पलीकडच्या खिडकीतला उजेड दिसला.

तो बसला. धापा टाकत, मान खाली घालून. थोड्या वेळानं पुन्हा पुढे झुकला.

काकूंनी एका हातानं पट्टा नुसता धरून ठेवला होता. दुसरा हात आपणहून त्याच्या काखेकडे निघाला, तेव्हा त्यांनी तो मागे घेतला आणि स्वतःच्या पोटाशी घट्ट दाबून धरला.