दाराबाहेरची तलवार

गोष्ट २०१९ सालची. अकोल्याच्या फ्रीमेसन लॉजला त्या वर्षी शंभर वर्षं पूर्ण झाली आणि अमरावतीला, राजापेठेतल्या ललिताबाईंच्या घरी सेक्रेटरी भगवंतरावांचा फोन आला.

"वहिनी, किसनरावांचा एक फोटो पाह्यजे. भिंतीवर लावून राहिलो आमी. आपल्यातली सगळी मोठी मानसं."

"मोठी म्हंजे कोन कोन?"

भगवंतरावांनी नावं घेतली. अमेरिकेचा पहिला अध्यक्ष वॉशिंग्टन, स्वामी विवेकानंद, मोतीलाल नेहरू. त्यांच्या खाली आपल्या वऱ्हाडातले, लॉजचे मास्टर, म्हणजे प्रमुख, होऊन गेलेले वकील, डॉक्टर, जिनिंगवाले. आणि किसनराव.

"आमचे बुढे नेहरूंच्या बाजूले?"

"बाजूले नाई, थोडे खाली. वरची जागा आधीच भरली न."

ललिताबाई हसल्या, पण फोन ठेवल्यावर त्यांनी पदर डोळ्यांना लावला. किसनरावांना जाऊन सहा वर्षं होत आली होती.

फ्रीमेसन म्हणजे एकमेकांना बंधू मानणाऱ्या पुरुषांचं जुनं, जगभर पसरलेलं मंडळ. त्यांच्या गावोगावच्या शाखेला लॉज म्हणतात. त्यांची सभा बंद दाराआड भरते आणि आतलं बाहेर सांगायचं नसतं. अकोल्यातले लोक लॉजच्या बंगल्याला सरळ भूतबंगला म्हणत. मे महिन्यात, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं अशा गावात, काळा सूट आणि पांढरे हातमोजे घालून भली भली माणसं तिथे शिरताना दिसली, तर लोकांना भुताशिवाय दुसरं काय सुचणार?

किसनराव अकोल्याला बांधकाम खात्यात इंजिनिअर होते. छप्पन साली बापाचं बोट धरून नागपूरला दीक्षाभूमीवर गेलेलं पोर. लॉजमध्ये त्यांना भगवंतरावांनी नेलं. भगवंतराव बाळापूरकडचे, घरची काळी कसदार शेती, अकोल्याला वकिली. शपथ घेताना ज्याने त्याने आपल्या धर्माचा ग्रंथ हाताशी घ्यायचा, ही तिथली रीत. गीता, कुराण, बायबल, अवेस्ता टेबलावर होतेच. किसनरावांसाठी तिथे पहिल्यांदा धम्मपद आलं, आणि ते भगवंतरावांनी स्वतः नागपूरहून आणलं होतं. ही हकीकत सांगताना किसनरावांची मान नेहमी किंचित ताठ व्हायची.

पुढे त्यांनी जे पद घेतलं ते कधी सोडलंच नाही. सभा सुरू झाली की एक बंधू बंद दाराबाहेर नंगी तलवार घेऊन उभा राहतो. येणारा खरंच आपला आहे का, नियमाच्या पोशाखात, कमरेला एप्रन बांधून आहे का, हे तो पाहतो आणि दारावर ठोके देतो. त्याशिवाय दार उघडत नाही. या पदाला टायलर म्हणतात. तिथे प्रत्येक पदाचा बिल्ला गळ्यात असतो. मास्टरचा बिल्ला गुण्याचा, म्हणजे गवंड्याच्या काटकोनी पट्टीचा, टायलरचा छोट्या तलवारीचा.

बाकीच्यांच्या बायका आत काय चालतं ते विचारून विचारून थकल्या. ललिताबाईंना मात्र पुष्कळ काही कळायचं. किसनराव म्हणायचे, "आतलं सांगता येत नाई. दाराबाहेरचं विचार, ते सगळं सांगतो." मग कोण उशिरा आला, कोणाचा हातमोजा फाटका होता, कोण आपला एप्रन समजून बायकोचा स्वयंपाकातला एप्रन घेऊन आला, असं सगळं जेवता जेवता निघायचं.

एकदा मुंबईहून एक मंत्री आले. तेही बंधू, पण घाईत एप्रन सर्किट हाउसवर विसरले होते. किसनरावांनी तलवार आडवी धरली.

"मला ओळखत नाही का?"

"ओळखतो, साहेब. तुमच्याच खात्यात नोकरी करतो."

"मग?"

"मग एप्रन आनाव लागते."

ड्रायव्हर एप्रन घेऊन येईपर्यंत मंत्री व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसून राहिले. त्या रात्री ललिताबाईंनी बदलीच्या धास्तीने ट्रंका काढल्या होत्या. बदली झाली नाही.

तर फोटो. सुगत, त्यांचा मुलगा, अमरावतीत हाडांचा डॉक्टर. तो म्हणाला, "आई, फोटोचं मी पाहतो." लॉजच्या व्हरांड्यात, हातात तलवार घेऊन काढलेला किसनरावांचा एकच चांगला, काळा-पांढरा फोटो होता. तो घेऊन सुगत राजापेठेतल्याच नितेशच्या स्टुडिओत गेला आणि तिथूनच फ्रेम परस्पर अकोल्याला पाठवली. ललिताबाईंनी दोनदा विचारलं, "मले दाखवत काहून नाई?" तो म्हणाला, "तिथंच पाह्य. मजा येईल."

समारंभ रविवारी सकाळी होता. मूर्तिजापूरला चहाला थांबले तेव्हा सून माया म्हणाली, "आज हे काही बोलूनच नाई राहिले. ऑपरेशनच्या दिवशी असे असतात." सुगत नुसता हसला.

एरवी बायकांनी जेवणाच्या खोलीपलीकडे जायचं नसे. त्या दिवशी सभागृह सगळ्यांसाठी उघडं होतं. पाहुणे यायला तास-दीड तास होता. भगवंतराव ललिताबाईंना हाताला धरून भिंतीपाशी घेऊन गेले. वर विवेकानंद, मोतीलालजी. खाली ओळखीचे चेहरे. आणि मग किसनराव.

फोटो रंगीत झाला होता. गालांवर कधी नव्हती ती लाली आली होती. उजव्या हाताची मूठ वळलेली होती, पण मुठीत काही नव्हतं, जसा काही स्कूटरचा हँडल धरला आहे. गळ्यातल्या तलवारीच्या जागी गुण्या होता. मास्टरचा.

"हे कोन होय?" ललिताबाईंनी विचारलं.

"आई, बाबाच की," सुगत म्हणाला.

"यांची तलवार कुठं गेली?"

सुगतने भगवंतरावांकडे पाहिलं. मग भगवंतराव म्हणाले, "पोरगा म्हने, मास्टरसारखं दिसू द्या. मले वाटलं, सन्मानच होते. झालेच असते ते मास्टर. आमी तीनदा म्हटलं होतं, वहिनी."

"तीनदा म्हटलं, अन् ते तीनदा नाई म्हनाले. मेल्यावर चौथ्यांदा कोनं विचारलं त्याइले?"

"आई, हळू," सुगत म्हणाला. मग त्याने आईला खिडकीपाशी नेलं. "तुले माहीत नाई. शाळेत पोरं मले भूतबंगल्याच्या चौकीदाराचा पोरगा म्हनत. सगळ्यांचे बाप आत, माझा बाप दाराशी. आपल्या मानसाले कुठंई जा, दाराबाहेरच ठेवतात, असंच वाटे मले. आज एवढ्या लोकांसमोर तेच दाखवू का?"

हे ललिताबाईंनी कधी ऐकलं नव्हतं. पोरगा पंचेचाळिशीला आला, केस पिकायला लागले, आणि हे पोटात घेऊन फिरत होता. त्यांनी त्याच्या शर्टाची कॉलर उगाच सारखी केली.

"मीपन बोलले होते त्याइले," त्या म्हणाल्या. "मास्टर व्हा म्हटलं, लोकं काय म्हनतील. तर काय म्हनाले माहीत आहे? म्हनाले, ललिता, दाराबाहेर उभं राह्यनं आपल्या घराले काही नवीन नाई. माझा आजा राह्यला, बाप राह्यला. देवळाच्या, पाटलाच्या, शाळेच्या. पन हातात तलवार घेऊन, कोनाले आत सोडाचं ते ठरवत उभा राह्यलेला मी पहिला. ही जागा मी त्या खुर्चीसाठी सोडू?"

सुगत आईकडे वळला.

"मले कधी सांगितलं नाई त्यांनी."

"तू कधी विचारलं? तू तर भूतबंगल्याचं नाव काढलं की ताटावरून उठे. आता समजलं काहून उठे ते."

माया मध्येच म्हणाली, "मूळ फोटो तुमच्या मोबाईलमध्ये आहे न?"

होता. सुगत गाडीची किल्ली घेऊन निघाला. रविवार असल्यामुळे दोन स्टुडिओ बंद मिळाले, तिसऱ्याचं शटर त्याने वाजवून उघडवलं. इकडे भगवंतरावांनी स्टूल मागवून भिंतीवरची फ्रेम उतरवली. त्यांचा चेहरा पडला होता.

"रागावल्या का, वहिनी?"

"तुमच्यावर? धम्मपद कोनं आनलं होतं?"

सुगत परत आला तो घामाने निथळत. फोटो काळा-पांढरा, साध्या काळ्या फ्रेममध्ये. व्हरांडा, ताठ उभे किसनराव, खाली टेकवलेली तलवार, आणि ओठांवर ते मंत्र्याला थांबवणारं अर्धं हसू. भगवंतरावांनी भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे हात केला.

"तिथं नाई," ललिताबाई म्हणाल्या. "बाहेर, दाराच्या उजव्या अंगाले."

"आत सगळे मोठे लोक आहेत, वहिनी. हे एकटेच बाहेर?"

"भगवंतराव, तुमी एवढी वर्षं त्याइले विचारूनच आत गेले न? मंत्रीबी विचारूनच गेला. मग आज काहून लाजता?"

भगवंतराव आधी बावरले, मग असे हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. खिळा सुगतने ठोकला. हाडांच्या डॉक्टरचा हात, पहिल्या तीन फटक्यांत खिळा सरळ आत.

प्रमुख पाहुणे आले. ते देशभरच्या लॉजांचे मोठे अधिकारी, छातीवर पदकं, मागे दहाबारा माणसं. दारापाशी ते थांबले, फोटोकडे पाहिलं आणि विचारलं, "हे कोण?"

उत्तर द्यायला भगवंतरावांनी तोंड उघडलं होतं. पण सुगत पुढे झाला.

"माझे बाबा. या दाराचे टायलर. त्यांना विचारल्याशिवाय आत कोणी गेलं नाही."

पाहुण्यांनी पाय जुळवले, फोटोला मान लववली आणि मग आत गेले. त्यांच्या मागचे एकेक जणही तसेच. ललिताबाई व्हरांड्यातच खुर्ची घेऊन बसल्या. सगळे आत जाईपर्यंत त्यांनी प्रत्येकाच्या गळ्यातला बिल्ला नीट निरखून पाहिला.

भगवंतराव एकवीस सालच्या कोरोनात गेले. शेवटचं दवाखान्यात न्यायच्या आधी त्यांनी लॉजच्या किल्ल्या पाकिटात घालून, वर नाव लिहून ठेवल्या होत्या. त्या मंत्र्यांना पुढे लोकांनी दोन निवडणुका घरी बसवलं. ते वारल्याची बातमी पेपरात आतल्या पानावर आली. नितेशचा स्टुडिओ बंद पडला, आता तो तिथे मोबाईलची कव्हरं विकतो आणि बरं चालतं म्हणतो. मायाने पन्नाशीच्या तोंडावर एम. एड. केलं, आणि गुण्यावाल्या फोटोच्या सोनेरी फ्रेममध्ये आता तिचा पदवीचा फोटो आहे. सुगतला लॉजचं बोलावणं आलं होतं. उन्हाळ्यात काळा सूट आपल्याला झेपणार नाही, असं त्याने सांगून टाकलं, पण दर वर्षी एकदा अकोल्याला जाऊन तो फोटोची काच पुसून येतो. ललिताबाई राजापेठेतच आहेत. गुडघ्यांचं ऑपरेशन मुलाने केलं, तेव्हापासून जिना चढतात. कोणी नवीन माणूस घरी आला की त्या दार उघडण्याआधी, आतून, नाव-गाव-काम सगळं विचारून घेतात, आणि पटलं तरच कडी काढतात.