ऑइल लाइटची वायर

मालनबाईच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नांदेडला ठरलं होतं आणि त्यासाठी दीक्षानं शाळेत रजा टाकली होती. पुसेगावजवळच्या जिल्हा परिषद शाळेत ती शिकवायची. राहायची हिंगोलीत, माय आणि धाकटा भाऊ बंटी यांच्यासोबत. बाप, ग्यानोबा, बंटीची दहावी व्हायच्या आधीच गेला. तेव्हापासून घराचा सगळा भार तिच्यावर होता, पण तिनं तो कधी बोलून दाखवला नव्हता.

गाडी तिनं मागच्या दिवाळीत घेतली. जुनीच होती, पण चालायची झकास. चालवायला शिकवली ती बंटीनं, रामलीला मैदानावर. तिनं घाबरून स्टिअरिंग सोडलं की तो हसायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायचा. एक गोष्ट मात्र त्यानं न हसता सांगितली होती. "ताई, बाकी सगळं विसरलीस तरी चालंल. पण ही ऑइलची लाल लाइट लागली की जागच्या जागी इंजिन बंद करायचं. पुढं पंप दिसत असला तरी न्हाई जायचं."

त्या दिवशी हिंगोली सुटल्यापासून मालनबाई एकच घोकत होती, "हळू घे बाई. काहून पळवून राहिलीस?"

"माय, बैलगाडी माघं टाकून राहिली आपल्याला," दीक्षा म्हणाली. मायला ऑपरेशनची धास्ती वाटत असेल, असं तिला वाटलं.

कळमनुरीच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी हळद शिजत होती. शेतातल्या मोठ्या कुकरच्या वाफेचा उग्र वास काचेतून आत येत होता. त्यात आणखी एक जळका वास मिसळला, पण तोही शेतातलाच समजून दीक्षानं काच वर केली. मग बॉनेटखाली टकटक सुरू झाली. तिनं अॅक्सिलरेटरवरचा पाय काढेपर्यंत त्या टकटकीचे घण झाले, गाडीनं एक हिसका दिला आणि इंजिन बंद पडलं. गाडी कशीबशी कडेला लागली.

खाली उतरून तिनं मागं पाहिलं. डांबरावर काळी ओली रेघ होती, पार वळणापर्यंत गेलेली.

एका टेम्पोवाल्यानं दोर बांधून गाडी आखाडा बाळापूरला पेमा राठोडच्या गॅरेजात ओढून नेली. पेमा पन्नाशीचा, बोलायला सडेतोड. त्यानं ऑइल मोजायची काडी काढून फडक्याला पुसली, पुन्हा बुडवली, पुन्हा काढली. टोकाला थेंब नव्हता. मोठा पाना लावून त्यानं इंजिन हातानं फिरवायचा प्रयत्न केला. ते तसूभर हललं नाही.

"जाम झालंय. लाइट लागली तरी दामटली तुमी, मॅडम."

"लाइट लागलीच न्हाई."

"सगळे हेच म्हणतेत."

दीक्षाला ते लागलं. शाळेत पोरांना ती खोटं बोलायचं नाही म्हणून शिकवायची, आणि इथं हा माणूस तिच्या तोंडावर तिला खोटं पाडत होता. ती गाडीत बसली आणि चावी अर्धी फिरवली. बॅटरीची लाइट लागली. हँडब्रेकची लागली. ऑइलची जागा काळीच राहिली.

"या, बघा," ती म्हणाली. "नुसती चावी फिरवली तरी ती लागायला पाहिजे ना?"

पेमा खिडकीतून वाकून बघत राहिला. "पाहिजे तर," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "चुकलंच माझं. थांबा जरा."

तो टॉर्च घेऊन बॉनेटखाली वाकला. ऑइल फिल्टरच्या शेजारी, ऑइलचा दाब कमी झाला की लाइट लावणारं बटण होतं. त्याच्यावरची वायर निघालेली होती. पेमानं ती चिमटीत धरून वर ओढली. टोकाला काळी टेप गुंडाळलेली होती आणि वायर एका पाइपाला नीट बांधून ठेवलेली होती.

"हे आपोआप न्हाई निघालं, ताई. कोणीतरी काढून बांधलंय. लाइट दिसू नये म्हणून."

ज्याच्याकडून गाडी घेतली तो माणूस दीक्षाच्या डोळ्यापुढं आला. पण त्यानंतर चावी फिरवली की ती लाइट लागताना तिनं कितीदा तरी पाहिली होती. मग मागच्या महिन्यातली सर्व्हिसिंग आठवली. बंटीचं नाव तिच्या मनात आलंच नाही.

पेमानं जॅक लावला आणि खालून हाक मारली. दीक्षा गुडघ्यावर बसून वाकली. मालनबाईही पदर सावरत जवळ आली. इंजिनाच्या तळाशी तेलाचा चेंबर असतो, त्याला दगडाचा मार बसून चीर गेली होती. त्या चिरेवर एमसील थापलेलं होतं. अर्धं सुटून लोंबत होतं आणि तिथूनच तेल गेलं होतं.

"असं कसं सुटलं?" मालनबाई बोलून गेली. "त्यानं तर पक्कं करून आणलं व्हतं."

पेमा खालून सरपटत बाहेर आला, हात पुसत पाण्याच्या टाकीकडं गेला.

"कोणी, माय?"

मालनबाईनं पदर तोंडाला लावला.

"कोणी पक्कं करून आणलं व्हतं?"

"लेकराच्या हातून चूक झाली, दीक्षे. दोस्तांसंगं सिद्धेश्वरच्या धरणावर गेला व्हता. तिकडं कच्च्या रस्त्यानं खालून दगड लागला म्हणे. ताईला सांगू नको म्हणाला. मी दुरुस्त करून आणतो म्हणाला."

"अन वायर?"

"वायरीचं मला काय ठावं?"

दीक्षा उठली. गुडघ्याला ग्रीस लागलं होतं. मध्यंतरी एका रविवारी बंटीनं गाडी धुऊन, आतून पुसून, चावी तिच्या हातात दिली होती. किती जपतो म्हणून तिनं त्याचं कौतुक केलं होतं. माय तेव्हा तिथंच बसून भाजी निवडत होती.

पेमा परत आला तेव्हा तिनं त्याला चेंबर खोलायला सांगितलं. नक्की काय झालं ते तिला स्वतः बघायचं होतं. चेंबर उतरला. तळाशी उरलेलं तेल काकवीसारखं घट्ट होतं. पेमानं त्यात बोट घातलं आणि उन्हात धरलं. बोटावर चांदीसारखी चमचम होती.

"हा बेअरिंग झिजून पडलेला चुरा. बघा, तेल खेचायच्या जाळीत गाळासंगं घट्ट बसलाय. आजचा असता तर मोकळा असता. गाडी आधी एकदा तेलाबिगर कोरडी चालवली हाय, बरीच लांब. तेव्हाच इंजिन गेलं व्हतं. मग आवाज दबावा म्हणून जाडं तेल भरलं. तरीबी लाइट विझंना, म्हणून वायर काढली. तुमच्या हातून आज नुसता शेवट झाला."

"म्हणजे मी रोज शाळेत जात व्हते ती..."

"नशीब समजा. चालत्या ट्रकापुढं जाम झाली असती तर?"

दीक्षानं मायकडं पाहिलं. मालनबाई बाकड्यावर बसली होती, डावा डोळा सारखा पुसत. सकाळपासूनच्या त्या 'हळू घे'चा अर्थ दीक्षाला आता लागला. मायला भीती ऑपरेशनची नव्हती. तिला गाडीचं माहीत होतं आणि तरी ती शेजारी बसून आली होती, लेकाचं नाव ओठाबाहेर न काढता.

"तुला ठावं व्हतं, अन तू मला रोज त्या गाडीत बसू दिलंस."

"मला काय कळतंय गाडीतलं? तो म्हणाला बराबर झाली. तू त्याला बोलली असतीस. तुझा राग मला माहीत हाय."

"माझा राग माहीत हाय," दीक्षा म्हणाली, "अन माझा जीव?"



ऑपरेशन न करताच परत फिरावं असं दीक्षाला एकदा वाटलं. पण डॉक्टरची तारीख पुन्हा कधी मिळेल सांगता येत नव्हतं. तिनं गाडी पेमाच्या हवाली केली आणि मायला घेऊन नांदेडची बस धरली. खिडकीची जागा मायला दिली, पाणी दिलं, उतरताना हात धरला. बोलली मात्र नाही.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी बंटी दवाखान्यात आला आणि व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा राहिला. दीक्षानं त्याला एकच विचारलं.

"वायर कोणी काढली?"

"मीच." तो खाली बघत होता. "लाइट सारखी लुकलुकत व्हती ताई. तू बघितली असतीस तर लगेच थांबली असतीस. गाडी खोलली असतीस. मग सगळं उघडं पडलं असतं."

"थांबावं म्हणूनच असती ती लाइट. तूच शिकवलंस मला."

"मला वाटलं, हळूहळू काहीतरी करीन. तुला कळायच्या आत."

"दगड लागला, ते एखाद्याच्या हातून व्हतं. मी बोलले असते, अन विसरले असते. पण तू ठरवून ती वायर काढलीस, बंटी. टेप मारलीस. तेव्हा डोक्यात काय व्हतं तुझ्या? गाडीत कोण बसणार हाय, हे आठवलं न्हाई?"

बंटी रडायला लागला. लहानपणी तो रडला की दीक्षा पदरानं त्याचं तोंड पुसायची. आज तिचे हात जागचे हलले नाहीत. आत जाऊन तिनं मायच्या डोळ्यात वेळेवर ड्रॉप टाकले.

इंजिन नव्यानं बांधून तयार झालं तेव्हा गाडी आणायला मी जातो, असं बंटी म्हणाला. दीक्षानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, एकटी बसनं बाळापूरला गेली आणि स्वतः चालवत घेऊन आली. त्याच आठवड्यात तिनं पुसेगावात एक खोली बघितली. शाळा जवळ पडते, एवढंच तिनं घरात सांगितलं. दोघांपैकी कोणी जास्त विचारलं नाही.

सामान हलवायच्या दिवशी बंटीनं न सांगता पेटी उचलून गाडीत ठेवली आणि आत निघून गेला. मालनबाई काळा चष्मा घालून दारात उभी होती. हातात भाकरी-चटणीची पिशवी होती.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "सांगायला पाहिजे व्हतं मी तुला."

"व्हय माय. सांगायला पाहिजे व्हतं."

दीक्षानं पिशवी घेतली, मायच्या पाया पडली आणि गाडीत जाऊन बसली.