पाझरणाऱ्या पाटाची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना पाण्याचा पाट आहे. गेल्या वर्षी मला बुजवलं. पण ते सोडा. तसं काही झालेलंच नाही असं धरून मी पुढे सांगतो.

डेन्मार्क सोडून अमेरिकेतल्या युटाच्या या कोरड्या खोऱ्यात आलेल्या माणसांनी आधी मला खणलं, मग स्वतःची घरं बांधली. उतार मोजायला यंत्र नव्हतं. त्यांच्यातला नील्स ओवेसन फळीवर दुधाचं ताट ठेवून उतार पाहायचा. एकदा ते दूध मांजरानं प्यायलं, म्हणून मी एका जागी उगाचच वळतो.

दर वसंतात गाव फावडी घेऊन माझ्यात उतरायचं. गाळ उपसता उपसता एकमेकांच्या बटाट्यांना नावं ठेवायचं. चर्चमधल्या प्रार्थनेत माझं नाव पावसाच्या आधी यायचं. खोड एकच, मी पाझरायचो. त्या ओलीवर माझ्या काठच्या शेतकऱ्याच्या, ऑर्वलच्या बायकोनं, थोरानं, कुंपणाकडेला जर्दाळू लावले. त्यांना पाणी असं कुणी कधी घातलंच नाही. थोरा गेली, जर्दाळू राहिले.

मग जमिनीखालून पाणी कंपनीचा नळ आला. तो पाझरत नाही, म्हणून त्याचं फार कौतुक झालं. माझ्याकडे कुणी फिरकेना.

यंदा साफसफाईच्या दिवशी ऑर्वल एकटाच आला आणि मी जिथे होतो तिथे खणू लागला. पाटकरी डेल्मरनं गाडी थांबवली.

"ऑर्वलभाऊ, पाट बुजवलाय."

"दिसतंय की. केवढा गाळ साचू दिलात."

"अहो, नळाचं पाणी येतंय ना तुमच्या शेतात?"

"शेतात येतंय. थोराच्या जर्दाळूंचं काय? निम्म्या फांद्या वाळल्या."

"बादलीनं घाला."

"घातलं. घेत नाहीत. तिनं लाडावून ठेवलेत."

डेल्मरनं टोपी काढली, पुन्हा घातली आणि तो निघून गेला. ऑर्वल दुपारपर्यंत खणत होता. मग दम लागून काठावर बसला. आता मी हातभर लांबीचा पाट आहे. त्यात पाणी नाही. वरून कुणी येत नाही, खाली कुणी वाट पाहत नाही.

मित्रांनो, जे थोडंथोडं पाझरतं त्याला सांभाळा. त्याच्यावर कोण जगतंय, हे त्यालाही ठाऊक नसतं.

तरी पाणी कंपनीच्या सन्माननीय संचालक मंडळास नम्र विनंती की, नव्या नळाने ऑर्वल यांच्या कुंपणाजवळ दररोज थोडेसे गळावे, व सदर गळती दुरुस्त करण्यात येऊ नये.