एका पायाची गौर

नीलकंठराव चौतीस वर्षं देवासच्या नोटांच्या छापखान्यात तपासणीच्या टेबलावर बसले. कागदावर केसाएवढी रेघ हलली तरी त्यांना दिसे आणि तो ताव बाजूला पडे. निवृत्त झाल्यावर तीच नजर घरात फिरू लागली. पोळीचा काठ, पडद्याची शिवण, शेजाऱ्यांच्या फाटकाचा रंग, काही म्हणजे काही सुटेना. त्यांच्या पत्नी उमाबाई म्हणायच्या, "अहो, घर आहे हे. इथे सगळं पास करायचं असतं."

अशा माणसाने पाडव्याच्या दुपारी मोठ्या उत्साहाने दारापुढचा ओटा धुतला आणि पाणी निपटायचं विसरला. संध्याकाळी उमाबाई गुढी उतरवायला आल्या आणि घसरल्या. उजवं मनगट मोडलं. सहा आठवड्यांचं प्लास्टर.

"यंदा चैत्रगौरीचं हळदीकुंकू नको," उमाबाई दवाखान्यातून येताना रिक्षात म्हणाल्या. "गौर बसवू झोपाळ्यात. पण पुढे चैत्रांगण नसेल तर बायकांना कशाला बोलवायचं?"

गौरीपुढची ती रांगोळी अडतीस वर्षं त्यांच्याच हातची होती. त्यात झोपाळा, शंख, कासव, हत्ती, तुळस, सूर्य-चंद्र आणि दारातून आत येणारी गौरीची पावलं. हळदीकुंकू नको, हे त्या इतक्या शांतपणे बोलल्या की नीलकंठरावांना रिक्षात बसवेना. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. आपल्या एका विसरण्यापायी हिचा सण बुडतोय, एवढंच त्यांच्या डोक्यात घोळत राहिलं.

चौथ्या दिवशी ते ईशानीच्या दुकानात हजर झाले. स्टेशन रोडवर पुढे फ्लेक्स छापायचं यंत्र आणि मागे शिकवणीचे दोन संगणक, असा तिचा संसार. घर मराठी, शाळा हिंदी, त्यामुळे बोलणं दोन्हींच्या मधलं. नीलकंठरावांनी मोबाईलमधला गेल्या वर्षीच्या चैत्रांगणाचा फोटो दाखवला आणि म्हणाले, "हे मला स्वतःला काढायचंय. तू काढून द्यायचं नाहीस."

"काका, पहले ब्रश समजून घ्या," ईशानी म्हणाली. "हा ब्रश म्हणजे ठप्पा आहे. एकाला लागून एक ठप्पा पडतो, म्हणून लाइन दिसते. अब ये अंतर वाढवा, देखो."

त्यांनी अंतर वाढवलं. सरळ रेघ तुटली आणि तिचे ठिपके झाले. अडुसष्ट वर्षांचा तो माणूस खुर्चीत पुढे सरकला, अंतर कमी केलं, पुन्हा वाढवलं, आणि बराच वेळ तेवढंच करत बसला. ईशानी मधे दोन गिऱ्हाइकं उरकून आली तरी काकांची रेघ आणि ठिपके चालूच होते.

मग नक्षी शिकून झाली. एक छोटा चौकोन करायचा आणि तो भरभर सगळीकडे पसरायचा. कडा जुळल्या नाहीत तर सांधा दिसतो, आणि सांधा म्हणजे नीलकंठरावांच्या जिवाला घोर. त्यांनी काठाची वेल अकरा वेळा पुसली आणि बाराव्यांदा जुळवली. पुढे इफेक्ट आले आणि तिथे मात्र त्यांचा तोल गेला. कासवाला झळाळी दिली, हत्तीला फुगवटा दिला, शंखाखाली एवढी सावली घातली की तो हवेत तरंगू लागला.

"काका, हे गौरीचं आहे की बारात का?" ईशानीने विचारलं.

ते ओशाळले आणि मुकाट्याने सगळं काढून टाकलं. रेघांच्या कडा तेवढ्या जराशा खरबरीत ठेवल्या, चिमटीतून भुकटी पडल्यासारख्या.

पावलांची गंमत शेवटी राहिली होती. फोटोत डावं पाऊल आंब्याच्या डाळीच्या पातेल्याखाली गेलं होतं, उजवं तेवढं पूर्ण होतं. ईशानीने ते कापून त्याचाच ब्रश करायला शिकवलं आणि डाव्यासाठी तेच उलटं कसं करायचं तेही दाखवलं. नीलकंठरावांनी वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती लग्नपत्रिकांच्या घाईत होती, तेव्हा ह्यांनी एकट्यानेच ब्रश धरला आणि दारापासून झोपाळ्यापर्यंत फिरवला. पटापट पंधरा पावलं उमटली. आनंदाच्या भरात त्यांनी छपाईला देऊनच टाकलं.

शुक्रवारी उमाबाईंना न सांगता त्यांनी ओळखीच्या आठ बायकांना पाचचं बोलावणं केलं, आणि तीन वाजता बैठकीत फ्लेक्स उलगडला. उमाबाई दारात थबकल्या, मग हळूहळू भोवती फिरल्या.

"कासव माझं आहे," त्या म्हणाल्या. "शंखाचा हा वळसा गेल्या वर्षी चुकला होता. तोही घेतलात."

नीलकंठराव सुखावले. तेवढ्यात त्या पावलांपाशी थांबल्या, वाकल्या आणि म्हणाल्या, "अहो, गौर काय लंगडी खेळत आली का माहेरी?"

नीलकंठरावांनी चष्मा चढवला. पंधरा पावलं, आणि पंधराही उजवीच. चौतीस वर्षं एक ताव ज्यांच्या हातून सुटला नाही, त्यांचा चेहरा पार उतरला. फ्लेक्सची गुंडाळी करायला ते खाली वाकले. "नापास आहे हा. बदलून आणतो."

"दोन तासांत कुठला बदलून मिळतोय," उमाबाई म्हणाल्या. त्या हसत होत्या. प्लास्टरचा हात पोटाशी धरून, डोळ्यांत पाणी येईतो हसत होत्या. पाडव्यापासून घराने हा आवाज ऐकला नव्हता. "राहू दे. रांगोळीचा डबा आणा आणि मला पाट द्या."

पाटावर बसून त्यांनी डाव्या हाताच्या चिमटीत रांगोळी घेतली. पहिल्या उजव्या पावलाशेजारी त्यांनी डावं पाऊल काढलं ते थेट वांग्यासारखं झालं.

"जरा वर..." नीलकंठराव बोलू लागले आणि त्यांनी जीभ चावली. डबा धरून ते पाटाबरोबर सरकत राहिले. सातव्या पावलाला टाच आली. अकराव्याला बोटं पाच झाली. पंधरावं झालं तेव्हा साडेचार वाजले होते आणि नीलकंठरावांनी सगळी पावलं मनातल्या मनात पास केली होती.

पाचला बायका आल्या. छापलेल्या हत्तीचं कौतुक झालं, संगणकाचंही झालं. पण डाळ-पन्हं घेऊन त्या बसल्या त्या वेड्यावाकड्या डाव्या पावलांपाशीच, आणि उमाबाईंना प्रत्येक पावलाची हकिकत दोनदा सांगावी लागली.

दिवेलागणीला सगळ्या गेल्यावर उमाबाईंनी विचारलं, "पाऊल उलटं करायचं बटण असतं ना त्या संगणकात?"

"असतं. वहीत लिहूनसुद्धा घेतलंय."

"मग?"

"राहिलं दाबायचं. पाडव्याला पाणी निपटायचं राहिलं, तसंच."

उमाबाईंनी उरलेली डाळ डाव्या हाताने त्यांच्या ताटलीत वाढली. "हे राहिलं ते बरं झालं," त्या म्हणाल्या. "पाण्याचं मात्र पुढच्या वर्षी लक्षात ठेवा."