पश्चिमेला निघालेली टाकी

आमच्या गच्चीवर विमान आहे. सिमेंटचं, दोन हजार लिटरचं. जालंधरकडच्या आमच्या गावात घरातलं कोणी परदेशी गेलं, की पाण्याची टाकी विमानाच्या आकाराची बांधतात. ताया म्हणजे थोरले काका; शेजारच्या गुरमेजतायांच्या घरचं कोणीच कुठे गेलं नाही. त्यांच्या गच्चीवर प्रेशर कुकर आहे, तोही सिमेंटचा.

आमचं विमान बलकारचाचा व्हँकुव्हरला गेला तेव्हाचं. हल्ली ते पोटातून गळतं आणि थेंबाथेंबानं माझ्या अंथरुणावर उतरतं.

एकोणीस वर्षांनी चाचा परवा घरी आला, आणि चहाच्या आधी गच्चीवर गेला.

"हे पाडायचं. शुक्रवारी मिस्त्री येतोय. प्लास्टिकच्या दोन टाक्या सांगितल्यात."

बाऊजी, म्हणजे माझे आजोबा चनणसिंग, विमानाच्या नाकाखाली खाट टाकून बसले होते. रोज संध्याकाळी तिथेच बसतात.

"विमान राहील," ते म्हणाले.

"अहो, निदान दिशा तरी बरोबर असती!" चाचानं फोनवर नकाशा दाखवला. "दिल्ली ते व्हँकुव्हर, अकरा हजार किलोमीटर, चौदा तास. विमान जातं उत्तरेला, ध्रुवाच्या अंगानं. तुमचं निघालंय पश्चिमेला!"

कुकराशेजारून गुरमेजताया ओरडले, "तरीच म्हटलं चनणसिंगा, एकोणीस वर्षं झाली, पोचलं कसं नाही!"

"तू तुझ्या शिट्ट्या मोज," बाऊजींनी त्यांना गप्प केलं. मग चाचाकडे वळले. "तुझ्यासाठी बांधलं, असं मी कधी म्हणालो? तू गेलास आणि अख्खं गाव विचारायला लागलं, विमान कधी? मिस्त्री म्हणाला, नाक कुठं करू? मी म्हटलं, लायलपूरकडे कर."

लायलपूर म्हणजे आताचं फैसलाबाद. सत्तेचाळीस साली बाऊजी तिथून बैलगाडीत बसून आले, नऊ वर्षांचे होते. एवढं आम्हाला ठाऊक होतं.

"निघालो त्या सकाळी शाळेची तख्ती, लिहायची पाटी, मातीनं सारवून उन्हात वाळत ठेवली होती," बाऊजी म्हणाले. "माझी आई, बेबे, म्हणाली, राहू दे, दोन दिवसांत येतोच आहोत. लाकडाची होती. चांगली."

त्यांनी वर विमानाच्या नाकाकडे पाहिलं.

"आता वाळली असेल," बाऊजी म्हणाले.

काहीतरी करायला हवं म्हणून मी चाचाचा फोन घेतला आणि अमृतसर ते फैसलाबाद टाकलं. सरळ रेषेत जेमतेम पावणेदोनशे किलोमीटर. विमानानं, दुबईत उतरून, बसून, पुन्हा चढून, एकवीस तास.

चाचानं फोन माझ्या हातातून काढून घेतला. एकवीसचा आकडा दोनदा वाचला.

"म्हणजे माझ्यापेक्षा सात तास लांब," तो म्हणाला.

"तुझी आठवण येत नाही असं नाही रे, पुत्तरा," बाऊजी म्हणाले. "पण तू फोन उचलतोस."

शुक्रवारी मिस्त्री घण घेऊन आला. चाचानं तो घण काढून घेतला, हातात थापी दिली आणि विमानाचं पोट दाखवलं. मिस्त्री भला माणूस. बुजवून झाल्यावर म्हणाला, "सरदारजी, एवीतेवी हात लावलाच आहे, तर नाक फोडून उत्तरेला घेऊ? ताया सांगत होते, चुकलंय."

"राहू दे," चाचा म्हणाला. "उत्तरेला जाणारी विमानं पुष्कळ आहेत."

मग त्यानं आपलीही खाट नाकाखाली ओढली. उत्तरेकडे पाठ करून.